लहान कर्मशाळेतील गिटारनिर्मिती : अंकनियंत्रित यंत्राचे काम आणि कोकणचा पावसाळा

गोमंतकात गिटार वाजत नाही असा तालुका आज दाखविता येणार नाही. परंतु गिटार घडविणारी कर्मशाळा मात्र शोधावी लागते. दुकानांत मिळणारी बहुतेक वाद्ये कलकत्त्याच्या किंवा परदेशांतील कारखान्यांतून येतात. दोन-तीन पावसाळे गेले की त्यांपैकी कित्येकांची घोडी सुटते, मान वाकते, आणि वाद्य माळ्यावर जाते. दुसऱ्या बाजूस, लाकूड व धातू कापणारी संगणकचलित यंत्रे आता एका खोलीत मावतील एवढी लहान व लहान उद्योजकाच्या आवाक्यात येतील एवढी स्वस्त झाली आहेत. पेडणे आणि डिचोली ह्या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तुये व डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत, आणि सुतारकामाची परंपरा तर जुनीच आहे. तेव्हा अशा यंत्राच्या साहाय्याने येथे गिटार घडविता येईल काय, आणि येत असल्यास कोणते काम यंत्राला द्यावे व कोणते हाती ठेवावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे इष्ट. तिसवाडी, बार्देस व साष्टी ह्या जुन्या काबिजादींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. पणजीत १९५२ साली संगीताची अकादमी निघाली. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली आले. ह्या नव्या काबिजादी होत. येथील मंदिरांत, भजनांत आणि दशावतारात पखवाज, पेटी, झांज, घुमट व शामेळ हीच वाद्ये रुळली. त्यामुळे येथील कारागिराला तारेचे पाश्चात्त्य वाद्य दुरूनच परिचित होते. तथापि, तंतुवाद्याचे आपल्याकडील शब्द गिटारीलाही उत्तम लागू पडतात. सतारीप्रमाणेच तिला तबली आहे, घोडी आहे, खुंट्या आहेत, पडदे आहेत आणि तारा जेथून सुटतात तो मेरू आहे. ह्या लेखात तेच शब्द योजिले आहेत.

यंत्र म्हणजे काय

अंकनियंत्रित यंत्राची कल्पना शाळेतील आलेख-कागदावरून चटकन समजते. कागदावरील कोणताही बिंदू दोन अंकांनी सांगता येतो : आडवे किती आणि उभे किती. त्यात खोली हा तिसरा अंक मिळविला की लाकडातील कोणतीही जागा तीन अंकांत सांगता येते. यंत्राच्या तीन अक्षांना एक्स, वाय आणि झेड म्हणतात. प्रत्येक अक्षावर एक मोटर असते व ती आटे असलेला दांडा ठरावीक अंशांनीच फिरविते. ‘एक्स १०० वर जा, वाय ५० वर जा, झेड उणे २ पर्यंत उतर’ अशा आज्ञांची यादी यंत्राला दिली की वेगाने फिरणारे पाते त्या मार्गाने लाकूड कोरीत जाते. हेच ‘सीएनसी’. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने असे पहिले यंत्र लोकांना दाखविले. त्यामागील मूळ कल्पना जॉन पार्सन्स ह्या उद्योजकाची होती व तिचा उगम हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात होता. त्या काळी आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून दिल्या जात. आता साधा संगणक पुरतो. मोठ्या गिटार-कारखान्यांत ही यंत्रे १९९० च्या सुमारास शिरली. अमेरिकेतील टेलर हा कारखाना त्यांत आघाडीवर होता. हस्तकौशल्यावर जगणाऱ्या ह्या व्यवसायात तेव्हा त्याविषयी बरीच कुरबुर झाली.

यंत्राला बुद्धी नसते, हे शिकाऊ कामगाराने पहिल्याच दिवशी मनात ठसवावे. आज्ञेत दशांशचिन्ह चुकले तर ते पाते निमूटपणे लाकडातून पार होऊन खालच्या फळीत शिरते. म्हणून नवीन आज्ञावली प्रथम पाते हवेत ठेवून चालवावी, नंतर टाकाऊ लाकडावर, आणि मगच खऱ्या लाकडावर.

पडद्यांचे गणित

यंत्राचा सर्वांत निर्विवाद उपयोग पडद्यांच्या जागा आखण्यात आहे. सतारीचे पडदे सरकविता येतात. वादक कानाने ते जुळवून घेतो. गिटारीचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले असतात. एकदा चुकले की चुकलेच. त्यामुळे गणित आधी बरोबर हवे.

गिटारीत सप्तकाचे बारा समान भाग मानतात. एकेका पडद्याने तारेची कंप पावणारी लांबी अशा प्रमाणात घटली पाहिजे की बाराव्या पडद्याशी ती नेमकी निम्मी होईल. त्यासाठी उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागावयाचे. भागाकार येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. स्पेनमधील अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) ह्या कारागिराच्या गिटारीपासून रूढ झालेली तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे. ती धरली तर मेरूपासून पहिला पडदा ३६.४८, दुसरा ७०.९२, तिसरा १०३.४२, पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८ आणि बारावा बरोबर ३२५ मिलिमीटरवर येतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना भूमितिश्रेढी शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे. उत्तर खरे की खोटे ते कानाने पडताळता येईल अशी उदाहरणे गणितात फार नाहीत.

जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागीत. हा नियम प्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलिओ ह्याचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई ह्यांनी १५८१ साली ग्रथित केला. त्याने बारावा पडदा सुमारे ३२२.६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे. तेवढ्याने स्वर अर्ध्या स्वरांतराच्या सुमारे आठव्या भागाएवढा उतरतो. बोटाने दाबल्यावर तार थोडी ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, म्हणून हा नियम अगदीच बेसूर वाजत नसे. जुन्या कारागिरांचे कान त्यांच्या भागाकारापेक्षा चांगले होते, असेच म्हणावे लागेल. आज शुद्ध भाजक घ्यावा, आणि बोटाच्या दाबामुळे चढणाऱ्या स्वराची भरपाई घोडी दोन-तीन मिलिमीटर मागे बसवून करावी.

पडद्याची खाच सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद असते. एवढे बारीक पाते जरा जोर पडला की मोडते. म्हणून एका फेरीत पाव मिलिमीटरपेक्षा फार खोल जाऊ नये. खोली अनेक फेऱ्यांत गाठावी. नवशिक्याकडून दिवसाला तीन-चार पाती मोडली तर ते शिक्षणाच्या खर्चात धरावे. ह्यावर एक मध्यम मार्गही आहे. यंत्राने अचूक खाचांचा एक नमुना-साचा कापून घ्यावा, आणि पुढील सर्व फलक त्या साच्याच्या आधाराने हातकरवतीने कापावेत. ज्या कर्मशाळेत महिन्याला दोन-तीनच वाद्ये होतात तिला हाच मार्ग परवडतो.

यंत्राला काय द्यावे

भरीव अंगाची विजेवरील गिटार आणि पोकळ पेटीची गिटार ह्यांत येथे भेद करणे आवश्यक आहे. विजेवरील गिटारीचे अंग म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर जाडीची एक भरीव फळी असते. तिचा बाह्य आकार, चुंबकाच्या खोबणी, मान बसविण्याचा खड्डा ही सर्व कामे यंत्र एका बैठकीत करते. पोकळ पेटीच्या गिटारीत मात्र यंत्राचा वाटा कमी. तेथे मान, फलक, घोडी, तबलीवरील वर्तुळाकार नक्षीची खोबण आणि मुख्यतः साचे, एवढी कामे त्याला द्यावीत. पेटीच्या बाजू दोन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या ओल्या करून, तापविलेल्या नळीवर हाताने वाकवाव्या लागतात. लाकूड कधी शरण येईल आणि कधी तुटेल हे त्या वेळी मनगटालाच कळते.

मान आणि पेटी ह्यांचा सांधा हे यंत्राचे खरे कर्तृत्व. येथे एक दशांश मिलिमीटरची फट राहिली तरी मान किंचित कलते, आणि तेवढ्याने दूर घोडीपाशी तारांची उंची बदलते. हातकामात ह्या एका सांध्यावर कुशल कारागिराचाही बराच वेळ जातो. यंत्र तो सांधा पहिल्या वाद्यात जसा कापील तसाच पन्नासाव्या वाद्यातही कापील. सांधा सरसाऐवजी बोल्टने पक्का केला तर पुढे दुरुस्तीसाठी मान सहज उतरविता येते. आपल्या हवेत ही सोय मोलाची आहे.

कापण्याचा वेग कसा ठरवावा ह्याचा एक साधा हिशेब आहे. पात्याचे मिनिटाला होणारे फेरे, पात्याच्या धारांची संख्या आणि एका धारेने काढावयाच्या ढलपीची जाडी ह्यांचा गुणाकार म्हणजे पुढे सरकण्याचा वेग. १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिलिमीटरची ढलपी धरली तर वेग मिनिटाला १,८०० मिलिमीटर येतो. ह्याहून फार हळू गेल्यास धार लाकूड कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि धारही जाते. नवशिके भीतीपोटी यंत्र हळू चालवितात आणि करपलेल्या कडा पाहून यंत्रालाच दोष देतात. कठीण लाकडात एका फेरीची खोली पात्याच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक नसावी. जेथे वळण रेषांच्या विरुद्ध जाते तेथे लाकूड उपटले जाते. तेथे शेवटचा अर्धा मिलिमीटर राखून ठेवावा आणि तो वेगळ्या, हलक्या फेरीत काढावा. लाकूड मेजावर घट्ट धरणे हे कापण्याइतकेच महत्त्वाचे. हलले की सर्व अंक खोटे ठरतात.

हाती काय ठेवावे

तबली, आणि तबलीच्या आतील बाजूस चिकटवावयाच्या पट्ट्या, ह्या हाताच्या गोष्टी होत. तबलीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असते, आणि पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून सत्तर किलोग्रॅमच्या आसपास ताण तिला झेलावा लागतो. फार जाड ठेवली तर आवाज कोंडतो. फार पातळ केली तर काही महिन्यांत ती घोडीमागे फुगते. दोन फळ्या एकाच झाडाच्या, एकाच जाडीच्या असूनही लवचिकपणात भिन्न असतात. यंत्र दोघींना सारखेच कापते, आणि तेच येथे त्याचे वैगुण्य आहे. म्हणून यंत्राने तबली साडेतीन मिलिमीटरवर आणून थांबावे. पुढे कारागिराने ती दोन बोटांत धरावी, टिचकी मारून ऐकावे, अंगठ्यांनी वाकवून पाहावे, आणि रंध्याने थोडीथोडी उतरवावी. पखवाजाची शाई भरणाऱ्या किंवा घुमटाचे कातडे ताणणाऱ्या माणसाला ह्या ऐकण्याचे मर्म निराळे सांगावे लागणार नाही.

तबलीचे महत्त्व तोर्रेसने एका प्रयोगाने दाखवून दिले. १८६२ साली त्याने एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली मात्र चांगल्या लाकडाची ठेविली. वाद्याच्या स्वराचा मुख्य भार तबलीवर आहे, हे त्याला त्यातून सिद्ध करावयाचे होते. पाठीसाठी महाग लाकडाचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकास ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

पावसाळा

आता ह्या विषयातील खरी अडचण. पेडणे-डिचोलीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. लाकूड हे हवेशी नित्य देवाणघेवाण करणारे द्रव्य आहे. ८५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या १७ ते १८ टक्के पाणी राहते; ५० टक्के आर्द्रतेत ते सुमारे ९ टक्क्यांवर येते. पाणी घटले की लाकूड आडव्या दिशेने आकसते. तबलीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्रूससारख्या लाकडात, योग्य रीतीने चिरलेली फळी असली तरी, पाण्याच्या दर एक टक्का घटीमागे रुंदी सुमारे ०.१३ टक्क्याने कमी होते. तबलीची रुंदी ४०० मिलिमीटर असते. पाणी आठ टक्क्यांनी घटले तर ती चार मिलिमीटरहून अधिक आकसेल, हा हिशेब कोणासही करता येईल.

ह्याचा अर्थ नीट पाहावा. लाखो रुपयांचे यंत्र एक दशांश मिलिमीटरची अचूकता देते, आणि जुलै महिन्यात उघड्या पडवीत चिकटविलेली तबली घाटावर पुण्याच्या उन्हाळ्यात गेल्यावर चार मिलिमीटर आकसू पाहते. कडा पेटीला चिकटलेल्या असल्यामुळे तिला आकसावयास जागा नसते. मग ती मधोमध फाटते. यंत्राचा त्यात काहीच अपराध नाही. यंत्राच्या आधी जी गोष्ट घ्यावयास हवी होती ती घेतली गेली नाही, एवढेच. लहान कर्मशाळेने पहिला खर्च यंत्रावर न करता कोरड्या खोलीवर करावा, असे आग्रहाने सांगण्याचे कारण हेच.

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही. म्हणून पडद्यांचे गणित कोणत्याही ऋतूत टिकते. मात्र फलकाची रुंदी घटते आणि पडद्यांची धातूची टोके बाजूंनी बाहेर येऊन वादकाच्या हाताला टोचतात. उन्हाळ्यात गिटार ‘बोचू लागली’ अशी तक्रार आली तर तिचे मूळ बहुधा हे असते.

कोरडी खोली म्हणजे मोठी इमारत नव्हे. दारे-खिडक्यांच्या फटी बुजविलेली दहा फूट लांब-रुंद खोली, हवेतील ओल काढणारे एक यंत्र आणि एक आर्द्रतामापक एवढे पुरते. तेही न परवडल्यास बंद कपाटात विजेचे दिवे लावून काम भागविता येते. त्यामागील तत्त्व विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगावे असे आहे. उष्ण हवा अधिक बाष्प धारण करू शकते. २८ अंश सेल्सिअस तपमानाच्या व ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्प न मिळविता ती ३८ अंशांपर्यंत तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास उतरते. केवळ दहा अंशांचा हा परिणाम आहे. लाकडातून निघणारी ओल बाहेर जावी म्हणून कपाटाला वर व खाली लहान भोके ठेवावीत. दिवे लाकडापासून दूर व जाळीआड असावेत, आणि कपाट रात्री देखरेखीवाचून चालू ठेवू नये.

स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्के खोटे सांगतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल एवढेच पाणी घालावे, आणि झाकण व मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावेत. पिशवीतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने तेवढीच दाखविली पाहिजे. आगरवाड्यासारखा मिठागरांचा गाव ज्या तालुक्यात आहे तेथे मीठ दूर शोधावयास नको.

किती टक्क्यांवर वाद्य जोडावे ह्याविषयी मतभेद आहेत. परदेशी पुस्तके ४५ ते ५० सांगतात. गोमंतकातच राहणारे वाद्य इतके कोरडे करून जोडले तर पावसाळ्यात तबली फुगते आणि तारा फलकापासून उंच जातात. तथापि, फुगलेली तबली पुढे बसते. फाटलेली सांधावी लागते. म्हणून चूक करावयाचीच तर कोरड्या बाजूची करावी. ५० टक्क्यांच्या आसपास जोडलेले वाद्य येथेही निभते आणि बाहेरही जाऊ शकते. फळ्या चिरल्यावर निदान एक संपूर्ण वर्ष हवेशीर जागी रचून ठेवाव्यात, आणि नंतर कोरड्या खोलीत आणून दर आठवड्याला तोलाव्यात. वजन उतरावयाचे थांबले की लाकूड तयार झाले.

लाकूड आणि कायदा

मानेसाठी व अंगासाठी तून, फणस आणि जुना साग ही लाकडे आपल्या परिसरात मिळू शकतात. फणसाचे लाकूड वाद्यकामाला नवे नाही. तंजावरची वीणा त्याचीच घडवितात. जुन्या घरांच्या तुळयांतून निघालेल्या सागाला पन्नास-साठ पावसाळे झालेले असतात आणि तो सहसा दगा देत नाही. मात्र त्यात राहिलेले खिळे शोधून काढल्यावाचून तो यंत्रावर चढवू नये. ऐन, ज्याला गोव्यात माट्टी म्हणतात, तो ‘इंडियन लॉरेल’ ह्या नावाने परदेशी कारखान्यांच्या स्वस्त गिटारींच्या फलकांवर अलीकडे दिसू लागला आहे. आपल्याच रानातील लाकूड परदेशी नाव घेऊन दुकानात परत येते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. तबलीचे स्प्रूस मात्र सह्याद्रीत होत नाही. ते बाहेरूनच आणावे लागते.

शिसवाविषयी सावध राहावे. गिटारीच्या पाठीला व फलकाला ते जगभर मान्य आहे, आणि त्याच कारणाने त्याची झाडे विरळ झाली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची जवळजवळ संपूर्ण प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रण कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण तयार झालेल्या वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परंतु कच्चे लाकूड, सुट्या पाट्या व फलक ह्यांना ती सूट नाही. म्हणजे तयार गिटार पाठविणे आणि शिसवाचे कापलेले फलक पाठविणे ह्यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. राज्यात झाड तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःच्या बागेतील फणसही त्याला अपवाद नाही असे समजूनच वागावे. लाकूड विकत घेताना पावती व वाहतुकीचा परवाना जपून ठेवणे कर्मशाळेच्याच हिताचे आहे.

साहित्यावर आलेल्या निर्बंधाने वाद्य मरतेच असे नाही, ह्याचा दाखला घरचाच आहे. घुमटाच्या मातीच्या घटावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि ते कातडे निषिद्ध ठरले. वादकांनी प्रथम नापसंती दर्शविली. आवाज तसा येत नाही, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पुढे बकऱ्याचे कातडे कमावण्यात व ताणण्यात सुधारणा होत गेली, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. घुमट-आरती आजही बकऱ्याच्या कातड्यावर घुमते. गिटारीच्या बाबतीतही शिसवाऐवजी फणस किंवा ऐन वापरणारा कारागीर सुरुवातीस अशाच तक्रारी ऐकेल.

माणसे आणि हिशेब

डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद पडल्या. त्या वेळी केवळ ट्रकवाले नव्हे, तर खाणींच्या कर्मशाळांतील फिटर, टर्नर व वेल्डरही रिकामे झाले. लिलावानंतर काही पट्ट्यांत काम परत सुरू झाले असले तरी एकाच धंद्यावर विसंबण्यातील धोका त्या वर्षांनी दाखवून दिला. मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग गेले की पट्टा सैल झाला हे ओळखणारी ही माणसे अंकनियंत्रित यंत्रावर लवकर तयार होतील. त्यांना लाकूड नवे आहे. सुताराला संगणक नवा आहे. एका कर्मशाळेत दोघे असावेत, आणि वादन जाणणारे कोणीतरी तिसरे असावे.

हिशेबाकडे डोळेझाक करून चालणार नाही. समजा, यंत्र चार लाख रुपयांना पडले व आठ वर्षे चालले. वर्षाला ५० गिटारी घडविल्या तर एकेका गिटारीवर यंत्राचा भार १,००० रुपये पडतो. वर्षाला १० च घडविल्या तर ५,००० रुपये. ह्यात वीज, पाती, व्याज धरलेले नाही. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत ५० गिटारी विकल्या जातील हा भरवसा कोणी देऊ नये. म्हणून यंत्राने केवळ गिटारीच कापावयाच्या असा हट्ट धरू नये. दरवाजांवरील नक्षी, देवघरांच्या जाळ्या, नामफलक ह्यांची कामे घेतली तर यंत्र रिकामे राहत नाही. त्याहूनही आधी दुरुस्तीचे काम सुरू करावे. पावसाळ्याने बिघडलेल्या गिटारी किनारपट्टीवर घरोघर, चर्चमध्ये आणि उपाहारगृहांत पडून आहेत. सुटलेल्या घोड्या बसविताना व वाकलेल्या माना सरळ करताना कारागिराला दुसऱ्यांनी कोठे चूक केली ते फुकट शिकावयास मिळते.

केंद्र शासनाच्या २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत त्यांत सुतारकामाचा समावेश आहे. वाद्यकाराचा व्यवसाय त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ह्यामुळे अर्ज करताना सुतार म्हणूनच नोंद करावी लागते. मिरजेची सतार व तंबोरा ह्यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला असताना वाद्यकारांचा निर्देश अशा यादीत व्हावा, ही अपेक्षा रास्त म्हणता येईल.

धूळ, गंज आणि नोंदवही

लाकडाचा भुसा निरुपद्रवी आहे हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. शिसवाच्या धुळीने पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठते. पात्यालगत धूळ ओढणारी नळी हवी आणि नाकातोंडावर चांगला मुखवटा हवा. पंचा बांधून भागत नाही.

यंत्राचे पोलादी मार्ग आपल्या खाऱ्या दमट हवेत एका आठवड्यात गंज धरतात. रोज काम संपल्यावर भुसा झाडून पातळ तेलाचा हात फिरवावा, कारण भुसा ओल धरून ठेवतो. विजांच्या दिवसांत काम नसताना यंत्राची जोडणी भिंतीपासून काढून ठेवावी. नियंत्रक-पट्टी जळाली तर नवी येईपर्यंत महिना जातो.

प्रत्येक वाद्यासाठी नोंदवहीत एक पान असावे. कोणते लाकूड, कोठून आले, तबलीची अखेरची जाडी, ती चिकटविली त्या दिवशीची आर्द्रता, आणि तारा चढविल्यावर बाराव्या पडद्यापाशी त्यांची उंची, एवढे त्यात लिहावे. पहिली गिटार विक्रीस काढू नये. ती एक संपूर्ण पावसाळा आणि पुढचा उन्हाळा कर्मशाळेच्या भिंतीवर, तारा ताणलेल्या स्थितीत टांगून ठेवावी, आणि दर पंधरा दिवसांनी तीच उंची मोजून त्याच पानावर तारखेसह लिहीत जावे.